एजंटशिवाय फ्लॅट विकला: गांधीनगरचे पडदे, भाड्याचा सोफा आणि कडप्प्यावरचं अ‍ॅसिड, कुठं पैसे घालायचे नि कुठं नाही (कोल्हापूर)

सासूबाईंचा साने गुरुजी वसाहतीतला फ्लॅट आम्ही मे महिन्यात विकला, मधी एजंट न घेता. विकायच्या आधी घर चांगलं दिसावं म्हणून दोन-अडीच महिने जे काय विकत घेतलं, भाड्यानं आणलं, माणसं लावली त्या सगळ्याचा हा रिव्ह्यू. त्यावेळी मी लई शोधलं पण कोल्हापूरचं म्हणून कुणी लिहिलेलं मिळालं नाही, जे मिळालं ते पुण्या-मुंबईचं, आणि त्यातले खर्चाचे आकडे बघून मिस्टर म्हणाले राहू दे, आहे तसाच विकूया. मी ऐकलं नाही ते बरं झालं.

आधी फ्लॅट कसा होता ते सांगते, म्हणजे तुमच्या घराशी ताडून बघता येईल. टू बीएचके, ७८० स्क्वेअर फूट, २००६ चं बांधकाम, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागल्यापासून त्या आठ-आठ दिवस खाली उतरायच्या नाहीत म्हणून तळमजल्याचं घर बघितलं आणि हा विकायला काढला. एक एजंट येऊन बघून गेले, "जसा आहे तसा ३४ लाखाला जाईल, दोन टक्के आमचे." म्हणजे ६८ हजार त्यांचे. मी रात्री बसून विचार केला की ह्याच्या निम्मे पैसे घरालाच लावले तर? तिथनं सगळं सुरू झालं.

एकूण खर्च झाला ३४,०००. त्यातले १२,५०० घातले नसते तरी चाललं असतं, कुठले ते पुढं येईलच.

सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे घर रिकामं करणं. रंग, पडदे, बल्ब सगळं नंतर. आमच्या माळ्यावर काय नव्हतं, सासऱ्यांची जुनी ट्रंक, तीन पाण्याचे पिंप, मुलांच्या पाळण्याचे बार, दिवाळीचे आकाशकंदील दहा वर्षांचे, लग्नात आलेली भांडी खोक्यासकट. हॉलमधे दोन कपाटं, त्यातलं एक फक्त बंद टीव्ही ठेवायला. सासूबाईंना काहीच टाकवत नव्हतं, आणि मी जबरदस्ती पण केली नाही, एक-एक वस्तू त्यांच्या पुढ्यात ठेवून विचारलं, हे नव्या घरात, हे कळ्याला, हे भंगारात. कळ्याला, म्हणजे कळे गावात, माझे दीर असतात, त्यांच्या जुन्या घरात जागा आहे, टेम्पोच्या दोन खेपा झाल्या, एकाला १,५०० प्रमाणे ३,०००. चार दिवस गेले ह्यात. पण शेवटचं कपाट निघालं तेव्हा हॉल मला ओळखू येईना, खिडकी एवढी मोठी आहे हे एवढ्या वर्षांत कळलंच नव्हतं. पैशाच्या हिशेबात सगळ्यात जास्त फायदा ह्याचा, ५ पैकी ५.

कपाट काढल्यावरच मागची ओल दिसली. मागच्या बेडरूमची बाथरूमला लागून असलेली भिंत, खालून साधारण दोन फुटापर्यंत रंगाला पोपडे, हात लावला की पांढरी पावडर हाताला. इथंच माझं पेंटरशी पहिलं वाजलं. आम्ही दोन पेंटरना कोटेशन विचारलं होतं, पहिले म्हणाले "वहिनी, खरवडून दोन हात पुट्टी मारतो, वर रंग, पुढं कपाट ठेवा. विकायचंच आहे, पावसाळ्यापर्यंत काय होत नाही." मला ते पटलं नाही. आमच्या ओळखीच्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले की कायद्यानंच, म्हणजे मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नीट बघूनही कळणार नाही असा मोठा दोष सांगावा लागतो. कायदा सोडा, सासूबाई म्हणाल्या, "आपण फसवून दिलं तर त्या घरात आपण राहिलेली वर्षं पण खोटी होतील." त्या दिवशी तो पेंटर कॅन्सल.

प्लंबर बोलावला. ओल खालून जमिनीतनं येत नव्हती, तिसऱ्या मजल्यावर कुठली जमीन, बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालचा, सांडपाणी जायचा भाग) जॉइंट सुटला होता आणि फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट निघालं होतं, रोजच्या आंघोळीचं पाणी थोडं थोडं भिंतीत जात होतं. ट्रॅप बदलला, कोपरे नि सांधे इपॉक्सीनं (पाणी न झिरपू देणारं, वाळून कडक होणारं भरण) भरले, २,८०० रुपये मजुरी-सामानासकट. त्यानंतर चार आठवडे भिंत तशीच उघडी ठेवली, पोपडे खरवडून, पंखा लावून. भिंत वाळली का नाही हे बघायची एक साधी पद्धत प्लंबरनीच सांगितली ती सांगून ठेवते, प्लॅस्टिकच्या पिशवीचा चौकोनी तुकडा चारी बाजूनं चिकटपट्टीनं भिंतीला हवाबंद लावायचा आणि एक दिवस ठेवायचा, भिंतीत ओल असेल तर प्लॅस्टिकच्या आतनं पाण्याचे बारीक थेंब जमतात. आम्ही पहिल्यांदा दोन आठवड्यांनी लावला तर थेंब होते. चार आठवड्यांनी लावला, कोरडा. मग रंग. हे मार्च-एप्रिलमधे केलं म्हणून जमलं, पावसाळ्यात कोल्हापुरात भिंत वाळायची वाट बघत बसला तर दसरा येईल. म्हणून ज्यांना विकायचंय त्यांनी शिमग्याच्या आसपास कामाला लागा असं मी सांगेन.

प्लंबरचं बिल नि मोबाईलवर काढलेले आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवले. ते पुढं लई कामाला आले.

रंग दुसऱ्या पेंटरकडून करून घेतला. आम्हाला भारी रंग नको होता, साधं इमल्शनच घेतलं, ऑफ व्हाईट, सगळ्या खोल्यांना एकच. आधी हॉलला पिस्ता, मुलांच्या खोलीला निळा, आमच्या खोलीला गुलाबी असं होतं, प्रत्येक दार उघडलं की वेगळं घर वाटायचं. सामान ४,६०० आणि मजुरी ७,०००, दोन हात. छताला पण मारून घ्या, लोक वाचवतात ते, पण छत पिवळट राहिलं की नव्या भिंती उलट जास्त विटक्या दिसतात. दाराच्या चौकटी आणि ग्रिलला वेगळा ऑइल पेंट पेंटरनी सुचवला होता, तो आम्ही केला नाही, फक्त साबणाच्या पाण्यानं धुतल्या, आणि कुणी एकानंही ग्रिलबद्दल विचारलं नाही. स्विचबोर्ड मात्र बघितले जातात! कडेला काळे डाग, तुटकी बटणं, ते १५ रुपयांचं बटण बदला.

आता जिथं पैसे गेले ते. घरोघरी येऊन डीप क्लीनिंग करणारी माणसं बोलावली, नाव घेत नाही, टू बीएचकेचे ४,५००. तिघंजण आले, मशीन वगैरे घेऊन, खिडक्या नि पंखे चांगले केले त्यांनी, त्यात शंका नाही. पण स्वयंपाकघराचा ओटा आमचा कडप्प्याचा, ग्रॅनाइटचा नाही, आणि मी शेजारी पाणी आणायला गेले तेवढ्यात एकानं बाथरूमचं टाइल क्लीनर, त्यात अ‍ॅसिड असतंय, ते ओट्यावर ओतलं नि घासलं. मी आले तर ओट्यावर फेस उठत होता. धुतल्यावर गॅसच्या बाजूला ताटाएवढे दोन पांढरट डाग, आणि हात फिरवला तर तिथं खरखरीत लागायचं. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, अ‍ॅसिड लागलं की तो दगडच विरघळतो, डाग वर बसत नाही, वरचा गुळगुळीत थरच जातो. ग्रॅनाइटला एवढं होत नाही, कडप्प्याला नि संगमरवराला होतंच. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले "मॅडम, जुनाच होता ओटा." पैसे परत मागितले, नाही दिले. सासूबाईंनी सतरा-अठरा वर्षं तो ओटा रोज रात्री पुसून झोपायला गेलेल्या, त्या काही बोलल्या नाहीत, नुसता त्या डागावरनं हात फिरवत उभ्या राहिल्या, मला ते बघवेना.

मग मंगळवार पेठेतले फरशी पॉलिश करणारे एक मामा मिळाले. त्यांनी पाणी टाकत टाकत वॉटर पेपरनं घासलं, आधी जाडा, मग मध्यम, मग एकदम बारीक, दीड तास फक्त दोन हातांनी, मशीन नाही लावलं. मग कोरडा करून खोबरेल तेल चिंधीवर घेऊन चोळलं, अर्ध्या तासानं पुसून परत चोळलं. काळाभोर झाला, नवीन होता तसा. १,२०० घेतले, आणि जाताना सासूबाईंना सांगितलं, "आज्जी, ह्याला लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं तर लगेच पुसायचं, राहू द्यायचं नाही." क्लीनिंगवाल्यांना ५ पैकी १, मामांना मी १० देईन. खरं सांगायचं तर साफसफाई घरच्या घरी होण्यासारखी होती. नळावरचे पांढरे क्षार किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूफुलानं (हे पण अ‍ॅसिडच, सायट्रिक) जातात, कोमट पाण्यात विरघळवून फडकं भिजवून नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवायचं, नळाच्या तोंडाची जाळी काढून त्यातच बुडवायची. फक्त हे स्टीलच्या नळाला नि साध्या टाइल्सला, कडप्प्यावर नाही. आणि अ‍ॅसिडवालं क्लीनर नि ब्लीच एकत्र करू नका कधीही, विषारी वायू होतो त्याचा, छोट्या बाथरूममधे तर जिवावर बेतेल.

बल्ब. ११ बल्ब, ११० चा एक, १,२१० रुपये, लक्ष्मीपुरीतनं. ह्या १,२१० रुपयांनी जो फरक पडला तो ११,६०० च्या रंगापेक्षा जास्त दिसला असं मला वाटतं, अतिशयोक्ती नाही. आधी आमच्याकडं काही पिवळे, काही निळसर पांढरे, एक ट्यूब लुकलुकणारी. खोक्यावर केल्विन (उजेड किती पिवळा, किती निळसर त्याचं माप) लिहिलेलं असतं ते बघून घ्या. ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, दवाखान्यासारखा, त्यात ऑफ व्हाईट भिंत करडी दिसते. ३००० के पिवळा, ऊबदार असतो पण जुन्या घरात अंधारं वाटतं. आम्ही सगळीकडं ४००० के घेतला, दोन्हीच्या मधला, ९ वॅटचे, हॉल नि स्वयंपाकघरात १२ वॅट. दुकानदार ६५०० चाच पुढं करतात कारण लोक तोच नेतात, तुम्ही ४००० मागून घ्या, एखाद्या दुकानात नसेल तर पुढच्या दुकानात मिळतो. जिन्यातला आमच्या दाराबाहेरचा बल्ब पण बदलला, तो तर अपार्टमेंटचा होता, पण माणूस तिसऱ्या मजल्यावर दमून येतो आणि अंधारात बेल शोधतो, तिथंच त्याचं मन निम्मं बसतं.

आता गांधीनगर, कोल्हापूरजवळचा कापडबाजार, ज्याच्यासाठी मला मुख्य लिहायचं होतं. पडदे, बेडशीट, पायपुसणी, उशांचे अभ्रे, काहीही कापडाचं घ्यायचं असेल आणि बजेट कमी असेल तर कोल्हापूरकरानं दुसरीकडं जाऊच नये. तावडे हॉटेलवरनं आत वळलं की बाजार सुरू, केएमटीची बस जाते, आम्ही गाडीवर गेलो. (माझ्या आजोबांनी सांगितलेलं, तिथं वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडची हजारो माणसं कँपात राहत होती, १९४८ च्या सुमाराला ती गेली आणि फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी माणसं तिथं आली, त्यांनी हा बाजार उभा केला. घर सोडून आलेल्यांच्या बाजारातनं घरासाठी पडदे आणायचे, मला प्रत्येक वेळी तिथं गेलं की हे आठवतं.)

बाजार मुळात होलसेलचा, त्यामुळं एक पडदा मागितला तर काही दुकानं बघत पण नाहीत, तुम्ही डझन-अर्धा डझनचं बोला. आम्ही चार दुकानं फिरलो, पाचव्यात तयार रिंगवाले पडदे, ७ फुटी, १९० ला एक, १० घेतले, १,९००. तसेच पडदे महाद्वार रोडला मी आदल्या आठवड्यात ३५० ला विचारले होते. कापड काही भारी नाही, दोन धुण्यांनंतर काय होईल सांगता येत नाही असं दुकानदार भाऊंनीच खरं सांगितलं, "ताई, वर्षभर रोज वापरायचे असतील तर पुढचा २८० वाला घ्या, दाखवायला लावायचे असतील तर हा भरपूर." असा दुकानदार असला की माणूस परत जातो. रंग फिकट घ्या, आम्ही मातकट बदामी घेतला, भिंतीच्या जवळचा. फुलाफुलांचे गडद पडदे लावले की खिडकी लहान दिसते. दांडी चौकटीच्या वर अर्धा फूट आणि दोन्ही बाजूनं अर्धा-अर्धा फूट जास्त लावून घ्या, म्हणजे पडदा सरकवला की तो भिंतीवर जातो आणि काच पूर्ण उघडी राहते, उजेड सगळा आत. दांड्या जुन्याच होत्या, लांबवायचे तुकडे नि ब्रॅकेट ३५०. ५ पैकी ५, एक सूचना फक्त, रविवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते, नि मापं कागदावर लिहून न्या, अंदाजानं आणलेला एक पडदा आम्हाला परत द्यायला दुसरी खेप पडली. त्यांनी बदलून दिला.

बेडशीट विकत घेतलीच नाहीत, सासूबाईंच्या पेटीतल्या दोन कोऱ्या सोलापुरी चादरी पसरल्या. पाहुण्यांना म्हणून ठेवलेल्या होत्या.

भाड्याचं फर्निचर, ५ पैकी २. हे माझंच डोकं, मोठ्या शहरातले व्हिडिओ बघून. जुन्या फर्निचरच्या एका दुकानातनं सोफासेट नि डायनिंग टेबल महिन्यासाठी ५,००० भाड्यानं आणलं, टेम्पो न्यायला-आणायला ९०० नि ९००. दुकानदाराची काही चूक नाही, सोफा स्वच्छ होता, डिपॉझिट पूर्ण परत दिलं. पण हॉल आमचा १० बाय १५, तो रिकामा केल्यावर जो मोठा दिसत होता तो सोफा आल्यावर परत आधीसारखा झाला. पहिल्या आठवड्यात जे बघायला आले त्यातले निम्मे सोफ्याकडं बघून विचारायचे "आमचा एल शेपचा बसेल का हो?" आणि मनातल्या मनात मोजायला लागायचे, आणि आमच्या सोफ्यामुळं त्यांना मोजताच यायचं नाही. दहाव्या दिवशी परत पाठवला. त्याऐवजी हॉलमधे दोन वेताच्या खुर्च्या, एक छोटं टेबल, एवढंच ठेवलं आणि टेबलावर मेजर टेप. हो, टेप! लोक खुश होतात, हातात टेप मिळाली की ते त्यांचं कपाट, त्यांचा फ्रिज मोजायला लागतात, आणि मोजायला लागलेला माणूस अर्धा राहायला आलेला असतो.

देवघराबद्दल सांगायलाच हवं. सगळीकडं लिहिलेलं असतं की घरातले खाजगी फोटो, देव काढून टाका, घर हॉटेलसारखं दिसलं पाहिजे. आमच्यात हे चालत नाही आणि चालू पण नये. घराण्याचे फोटो आम्ही काढले, ते ठीक, पण देव्हारा होता तिथंच ठेवला, अंबाबाईचा फोटो, समई, रोज ताजी फुलं. बघायला येणाऱ्या बायकांचा तर दुसरा प्रश्न तोच असायचा, देव कुठं ठेवलेत, तोंड कुठं करून. रिकाम्या घरात त्यांना कल्पना करून सांगायला लागतं, इथं दिसत होतं. एक बाई आत येऊन आधी हात जोडून मग फ्लॅट बघायला लागल्या.

गॅलरीत बापट कँपातनं आणलेल्या चार मातीच्या कुंड्या, तुळस, मोगरा, दोन मनीप्लांट, सगळं मिळून ६४०. चांगलं दिसलं. नव्या घरी घेऊन आलो.

वासाचं एक. एप्रिल-मे म्हणजे वर्षाची तिखट चटणी करायचे दिवस, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ज्या दिवशी मिरच्या नि मसाला भाजायला घेतला त्याच दिवशी संध्याकाळी एक जोडपं बघायला येणार होतं. अख्ख्या जिन्यात ठसका. मी काकूंकडं जाऊन सांगितलं, त्या म्हणाल्या "अगं आधी सांगायचं, मी उद्या भाजली असती की." तेव्हापासून कुणी यायचं असलं की काकूंना सकाळीच सांगायची. घरात मटण-मासे बघायला येण्याच्या आदल्या दिवसापासून बंद. उदबत्ती, रूम फ्रेशनर काही लावलं नाही, कारण जास्त सुगंध आला की माणसाला वाटतं हे काहीतरी झाकतायत. खिडक्या दोन तास उघड्या, बस.

फोटो माझ्या भाच्यानं मोबाईलवरच काढले, सकाळी १० ला, सगळे पडदे उघडे नि सगळे बल्ब चालू, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून छातीच्या उंचीवर फोन धरून. वाइड अँगलनं काढू नका, खोली ट्रेनच्या डब्यासारखी लांब दिसते आणि माणूस प्रत्यक्ष येऊन हिरमुसतो. बाथरूमचा फोटो पण टाका, न टाकणाऱ्यांबद्दल शंका येते. जाहिरात एका मोठ्या प्रॉपर्टी साइटवर फुकटात टाकली, पहिल्या तीन दिवसांत ४१ फोन, त्यातले ३२ एजंट, ग्राहक म्हणून बोलायचे नि शेवटी कळायचं. ३ स्टार, कारण उरलेल्या नऊ जणांतलेच शेवटी गिऱ्हाईक निघाले. बाकी व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप नि गॅलरीला लावलेला बोर्ड, "फ्लॅट विकणे आहे, मालकाशी थेट बोला." बोर्डावरनं पाच जण आले.

टेबलावर टेपच्या शेजारी एक फाइल ठेवलेली. खरेदीपत्र नि इंडेक्स टूची (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा गोषवारा) झेरॉक्स, अपार्टमेंटचं घोषणापत्र, घरफाळा भरलेल्या पावत्या, पाणीपट्टी, लाइट बिल, बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र, आणि प्लंबरचं बिल. एजंट नसला की हे सगळं तुम्हालाच दाखवायचं असतं, आणि जो माणूस फाइल चाळतो तो खरा गिऱ्हाईक. पुराचं विचारतात सगळेच, २०१९ नि २०२१ नंतर कोल्हापुरात घर घेणारा माणूस आधी पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारतो मग किंमत. आमच्या इथं आलं नव्हतं, शेजारच्यांना विचारा म्हणून मीच सांगायची. लिफ्ट नाही हे तर जाहिरातीतच लिहिलं होतं, त्यामुळं येऊन जिन्यावरनं परत गेला असं कुणी झालं नाही.

ज्यांनी घेतला ते गडहिंग्लजकडचे, नवरा-बायको दोघं नोकरीला, सोबत त्यांचे वडील. पहिल्यांदा आले तेव्हा वडील काही बोलले नाहीत. आठवड्यानं जोराचा वळीव झाला, गारा पण पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, बाबा परत एकदा बघायचं म्हणतायत. मी समजले. आजोबा आले, चप्पल काढली, कुणाशी न बोलता सरळ मागच्या बेडरूममधे गेले आणि बाथरूमच्या भिंतीवर पालथा हात ठेवला, ताप बघतो तसा. खाली वाकून फरशीजवळ पण लावला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "इथं ओल हुती न्हवं?"

"होती काका," मी म्हटलं, आणि फाइल आणून बिल, फोटो सगळं पुढ्यात ठेवलं. ट्रॅप कुठला बदलला, किती दिवस वाळवली, प्लॅस्टिकचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ धरून बघितले, प्लंबरचा नंबर मागून घेतला, तिथंच त्याला फोन लावून पाच मिनिटं बोलले. फोन ठेवून मुलाला म्हणाले, "घे." सासूबाईंनी चहा टाकला.

३६ लाख ७५ हजाराला ठरला. त्याच आठवड्यात संचकार (बयाणा), चेकनं, रोख काही घेतलं नाही. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, कुणी थोडे रोख घ्या म्हणालं तरी घेऊ नका. ५० लाखाच्या खाली असल्यामुळं टीडीएसची, म्हणजे घेणाऱ्यानं किमतीतनं कर कापून भरायची, भानगड नव्हती. खरेदीपत्र त्यांनी त्या आजोबांच्या सूनबाईंच्या एकटीच्या नावावर केलं, बायकांच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि नोंदणी फी एक टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. वकिलांची फी वेगळी, ती वाचवू नका, एजंट नाही म्हणजे वकील तरी पाहिजेच.

परत करायचं झालं तर क्लीनिंगचे ४,५००, ओटा दुरुस्तीचे १,२००, फर्निचरचे ६,८०० हे मी घालणार नाही, म्हणजे २१,५०० त सगळं होतं. बाकी सगळं तसंच करेन, आणि पहिला हात ओलीला.

किल्ली द्यायला गेलो त्या दिवशी सूनबाई हळूच म्हणाल्या, पडदे राहू द्याल का, आम्हाला लगेच जमणार नाही. सासूबाई म्हणाल्या राहू दे की, घरालाच घेतलेत ते. नव्या घरासाठी परत गांधीनगरला त्याच दुकानात गेलो, जूनमधे, ह्यावेळी २८० वाला घेतला, रोज वापरायला.